शेवटचे पान

आपल्याकडील आत्मचरित्रांविषयी आणि आठवणींच्या पुस्तकांविषयी लिहिताना टीकाकार सहसा ओसरीवर बसतो. सुधारणेचे वाद, ग्रामण्ये, धर्मांतरे, सत्याग्रह, सभा हे सारे ओसरीवर किंवा ओसरीच्या बाहेर घडते, आणि तेच त्याला लिहिण्याजोगे वाटते. माजघरापर्यंत तो गेलाच तर पाणी मागण्यापुरता जातो. घरची गरिबी, साधी राहणी, गृहिणीची काटकसर यांविषयी आदराचे एखादे वाक्य लिहिले की त्याचे समाधान होते. वस्तुतः या प्रकारची जी पुस्तके मराठीत खरोखर टिकली, त्यांतील बराच मजकूर चुलीच्या आसपास घडलेला आहे. कोणी काय रांधले, कशात रांधले, कोणाला किती वाढले आणि कोणी न जेवता झाकण घातले, यांची नोंद काढून टाकली तर त्या पुस्तकांत चरित्रनायकाच्या कामगिऱ्यांची यादी तेवढी उरेल.

नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांची गोष्ट आणखी निराळी आहे. आपण ही पुस्तके चवीसाठी वाचतो. दर तीन-चार वर्षांनी बदलीचे सामान बांधताना ज्या पेटीत कोकम, मेतकूट आणि गोड्या मसाल्याचा डबा जातो, त्याच पेटीत ‘श्यामची आई’ आणि ‘स्मृतिचित्रे’ जातात. आणि दोहोंकडून आपली अपेक्षा जवळजवळ एकच असते. त्यात गैर काही नाही. पण चवीसाठी वाचणारा माणूस पानात काय होते एवढेच पाहतो. पंगतीचा क्रम त्याच्या ध्यानात राहत नाही. प्रस्तुत लेखात मला त्या क्रमाविषयी लिहायचे आहे. काटकसरीच्या संसाराचे चित्र काढणारा लेखक त्या संसारात कितव्या पंगतीला बसत होता, आणि घरातले शेवटचे पान कोणाचे होते, हा प्रश्न मनात ठेवून ही पुस्तके पुन्हा वाचली तर त्यांतील काही पाने अनपेक्षितपणे जड होतात, आणि काही, खेदाने म्हणावे लागते, हलकी होतात.

प्रारंभ ‘श्यामची आई’पासून करणे प्राप्त आहे. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि ते १९३५ साली प्रसिद्ध झाले. कोकणातील पालगड या गावच्या एका उतरती कळा लागलेल्या घराची ही कथा ‘रात्री’ असे नाव दिलेल्या प्रकरणांतून सांगितलेली आहे. एकेका रात्री एकेक आठवण. घर पूर्वी खोतांचे. पुढे वाटण्या, कर्ज, सावकाराचे तगादे, पर्णकुटीतील संसार आणि आईचे मरण. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली तिचा चित्रपट केला, त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि तेव्हापासून ही कथा मराठी मनात अश्रूंशी इतकी जखडली गेली की तिच्यातील व्यवहाराकडे पाहणे जवळजवळ असभ्यपणाचे ठरते. हा असभ्यपणा मी थोडासा करणार आहे.

‘अळणी भाजी’ नावाची रात्र घ्या. प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. कामाच्या गर्दीत आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील जेवतात, एक अक्षर काढत नाहीत. ते बोलत नाहीत म्हणून मुलेही बोलत नाहीत. सगळी भाजी निमूटपणे संपते. मागाहून आई स्वतः जेवायला बसते तेव्हा पहिल्याच घासाला तिला कळते, आणि सगळ्यांना आपण अळणी जेवू घातले याचे तिला वाईट वाटते. ज्या बाईने एवढ्या कष्टाने रांधले तिचे मन मोडू नये, हा वडिलांच्या मौनाचा अर्थ. पिढ्यान् पिढ्या मराठी मुलांना हा प्रसंग संयमाचा आणि परस्परांविषयीच्या नाजूक भावनेचा पाठ म्हणून शिकवला गेला आहे, आणि तसा तो आहेही.

पण हा प्रसंग घडतो कशामुळे, हे कथाशिल्पाच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. आई सर्वांबरोबर पानावर बसली असती तर ही कथा झालीच नसती. भाजी अळणी आहे हे तिला सर्वांच्याच बरोबर कळले असते, चिमूटभर मीठ वरून वाढले गेले असते, आणि रात्र दुसऱ्या कोणत्या तरी आठवणीत गेली असती. संपूर्ण प्रसंगाचा आधार एवढाच की रांधणारी शेवटी जेवते. तिने चाखून पाहिलेले नाही, कारण नैवेद्याच्या घरात चाखून पाहण्याची रीत नाही. वडिलांचे औदार्य, मुलांचे अनुकरण, आईचा हळहळलेला जीव हे तिन्ही धागे त्या एका क्रमावर विणलेले आहेत. साने गुरुजींना हा क्रम दिसत नव्हता असे मी म्हणणार नाही. त्यांनी तो गृहीत धरला आहे. गृहीत धरलेल्या गोष्टीवर भव्य काही उभारले गेले की ती पायाच्या दगडासारखी दिसेनाशी होते. मोठ्या लेखकांच्या हातून हे विशेष घडते.

याच पुस्तकात त्याच्या उलट दिशेने जाणाऱ्या रात्रीही आहेत, आणि गुरुजींच्या बाजूने त्या सांगितल्या पाहिजेत. श्यामला पत्रावळ लावता येत नाही म्हणून त्याला ती शिकणे भाग पडते. ज्याला आपले पान लावता येत नाही त्याला आयत्या पानावर बसण्याचा हक्क नाही, असा त्या घराचा कायदा. ‘अर्धनारी नटेश्वर’ या रात्री तर मुलगा घरकामाला हात लावतो आणि बायकांची म्हणून गणलेली कामे शिकतो, त्याचे कौतुक आहे. १९३५ साली हे लिहिणे सोपे नव्हते. आपल्या कार्यालयांतील किती गृहस्थांना आजही सुटीच्या दिवशी कणीक मळता येते हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. म्हणजे गुरुजींच्या अंतःकरणात प्रश्न होता. तो त्यांनी मुलापुरता सोडवला. वडिलांच्या पानापर्यंत तो जाऊ दिला नाही.

एक गोष्ट आणखी. हे पुस्तक तुरुंगात लिहिले गेले आहे. त्या दिवसांत लेखक स्वतः कोणीतरी दिलेले, कोणाच्याही मायेचा हात न लागलेले अन्न खात होता, आणि आई १९१७ सालीच वारली होती. घरापासून तुटलेला, आईच्या हातचे कधीच मिळणार नाही हे जाणणारा मनुष्य जेव्हा चुलीची आठवण काढतो तेव्हा तिच्यातला धूर वजा होतो. हे त्याचे असत्य नव्हे, अंतराचा परिणाम आहे. आपणही, हैदराबादला किंवा भोपाळला किंवा दिल्लीच्या सरकारी वसाहतीत बसून, हेच करीत असतो. फरक एवढाच की आपल्याला परतीचे तिकीट मिळते.

आता लक्ष्मीबाई टिळकांकडे वळू. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. ‘श्यामची आई’ आणि ‘स्मृतिचित्रे’ ही दोन पुस्तके इतक्या जवळच्या काळात बाहेर पडली, हा योगायोग मला नेहमीच बोलका वाटत आला आहे. एकात चुलीकडे पाहणारा मुलगा बोलतो, दुसऱ्यात चुलीपाशी बसलेली बाई. एक लेखक भाषेचा अभ्यासक, तर दुसरी लेखिका जेमतेम अक्षरओळख असलेली. आणि तरी गद्य कोणाचे अधिक मजबूत आहे, या प्रश्नाला माझ्यापुरते उत्तर एकच आहे.

लक्ष्मीबाईंचे लहानपण सोवळ्याच्या विलक्षण वेडात गेले. आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, १८५७च्या धामधुमीनंतर फाशी झाली, आणि त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात शुद्धाशुद्धतेचे जे वारे शिरले ते जन्मभर गेले नाही. घरात येणारा जिन्नस धुऊन घेतल्याखेरीज आत जायचा नाही. हे सारे त्या मोठ्या विनोदाने सांगतात आणि आपणही हसतो. पण हसता हसता लक्षात येते की शुद्ध होण्याची हौस घरच्या पुरुषाची आणि पाणी ओढण्याचे काम घरच्या बायकांचे. लक्ष्मीबाई ही तक्रार कोठेही सूत्र म्हणून मांडत नाहीत. त्या फक्त कोणी काय केले एवढेच सांगतात. पाणी कोणी भरले हे सांगितल्यावर निराळे सांगावे लागत नाही.

पुढे टिळकांचा संसार. नारायण वामन टिळक हे कवी म्हणून मोठे, ख्रिस्तभक्त म्हणून त्याहून मोठे, आणि संसारी म्हणून अगदीच बेभरवशाचे गृहस्थ होते. पैसा त्यांच्या हाती टिकत नसे. घरात पाहुणे किती येतील आणि किती दिवस राहतील याचा नेम नसे. अहमदनगरच्या घरी बालकवी ठोंबरे राहून गेले, अनाथ पोरे वाढली, येणारे-जाणारे तर असंख्य. टिळकांच्या औदार्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या औदार्याचा हिशेब मात्र एकाच ठिकाणी लिहिलेला आहे, आणि तो ज्या बाईला पीठ पुरवायचे होते तिने लिहिलेला आहे. घरात आणखी चार माणसे बोलावण्याचा आनंद टिळकांचा; आमटीत आणखी दोन तांबे पाणी घालण्याची कला लक्ष्मीबाईंची. या दोन गोष्टी एकाच घरात, एकमेकांवर मनापासून प्रेम करणाऱ्या दोन माणसांत कशा नांदतात, हे ‘स्मृतिचित्रे’इतके स्वच्छपणे मराठीत कोणी दाखविले असेल असे मला वाटत नाही. नवऱ्याची थोरवी तिला पूर्ण मान्य आहे. त्या थोरवीची रोजची किंमतही तिला पै-पैशाने ठाऊक आहे. दोहोंपैकी एकही ती लपवीत नाही. विनोद जन्मतो तो येथे, या दोन जाणिवांच्या घर्षणात. पुष्कळ जण त्याला ‘निर्मळ विनोद’ म्हणून सोडून देतात. निर्मळ तो आहेच, परंतु त्याला धार आहे.

आणि याच पुस्तकात अन्नाची आणखी एक गोष्ट आहे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली पाच वर्षे हा आपल्या वाङ्मयातील एक मोठा आंतरिक प्रवास आहे, आणि तो जवळजवळ सगळाच स्वयंपाकघरात झालेला आहे. कोणाच्या हातचे पाणी घ्यावयाचे, कोणाचे भांडे चालते, कोणाच्या पंक्तीला बसायचे नाही, अशा प्रश्नांवर एकेक पाऊल अडते आणि एकेक पाऊल पुढे पडते. नवऱ्याच्या घरी राहायला गेल्यावरही आपले सोवळे ती सांभाळते. आणि मग एके दिवशी, जाती माणसांनीच केलेल्या आहेत असा तिचा तिनेच निर्णय होतो, आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खायचे असे ती ठरवते. धर्मशास्त्रावरील ग्रंथांनी जे सांगायला शेकडो पृष्ठे घेतली असती ते येथे एका पाण्याच्या भांड्यात मावले आहे. माजघर टाळून ओसरीवर बसणाऱ्या टीकाकाराच्या हातून नेमके काय निसटते ते येथे दिसते. धर्मांतराची तारीख त्याला सापडेल. धर्मांतर सापडणार नाही.

लक्ष्मीबाईंच्या उत्तरायुष्यातील काही वर्षे मुलाच्या संसारात कराचीला गेली, ही गोष्ट बृहन्महाराष्ट्रातील वाचकांनी तरी विसरू नये. परक्या प्रांतात, परक्या बाजारातील जिन्नसांवर घर चालविण्याचा अनुभव त्यांनाही होता. तरीही त्यांच्या लेखनात गावाकडच्या चवीचे उसासे फारसे नाहीत. ज्या बाईने आयुष्यभर रांधले तिला मागे वळून पाहताना चवीआधी कष्ट आठवतात, असे मला वाटते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण आपल्याकडे त्याचा फार घोटाळा होतो. मिताहार वेगळा आणि काटकसर वेगळी. रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० सालच्या पुस्तकात न्यायमूर्ती आंब्याच्या एक-दोन फोडी खाऊन थांबतात, तो प्रसंग अनेकांच्या स्मरणात असेल. जिभेवर ताबा ठेवण्याचा तो अभ्यास आहे, आणि तो थोर आहे यात शंका नाही. पण घरात आंबे आहेत म्हणून त्या अभ्यासाला अर्थ आहे. ज्याच्यापुढे फोडीच एक-दोन येतात त्याच्या न खाण्याला कोणी संयम म्हणत नाही. चरित्रकार मात्र दोन्ही गोष्टी ‘साधी राहणी’ या एकाच मथळ्याखाली घालतात. मला तर हल्ली तो मथळा दिसला की पान उलटावेसे वाटते.

कर्वे दांपत्याच्या बाबतीतही हाच विचार मनात येतो. अण्णासाहेब कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५चे, आणि बाया कर्वे, म्हणजे आनंदीबाई, यांचे ‘माझे पुराण’ १९४४चे. हिंगण्याच्या माळावरची झोपडी, तेथून पुण्यापर्यंतची पायपीट, स्वतःच्या आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा संस्थेला देऊन टाकणे, ही अण्णांची काटकसर सर्व महाराष्ट्राला वंदनीय झाली. बायांनी आपल्या पुस्तकाला ‘पुराण’ असे थट्टेचे नाव दिले आणि त्यात घर कसे चालवावे लागले ते आपल्या बाजूने सांगितले. हे दोन ग्रंथ जोडीने छापले जावेत आणि जोडीनेच वाचले जावेत अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. एका घराची जमेची बाजू एका वहीत आणि खर्चाची दुसऱ्या वहीत, असा प्रकार झालेला आहे.

आतापर्यंत ज्या घरांविषयी लिहिले ती सगळी एका विशिष्ट वर्गातील आहेत. त्या घरांत गरिबी होती, पण ‘काटकसर’ हा शब्द वापरता येईल इतके काहीतरी कणगीत होते. काटकसर करायलाही मापटेभर धान्य लागते. १९६० सालापूर्वीच्या आपल्या टीकेला ही मर्यादा फारशी जाणवली नाही, कारण त्या मर्यादेबाहेरची पुस्तके तेव्हा लिहिली जायची होती. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूप झाले, उर्मिला पवारांचे ‘आयदान’ २००३ साली. आज ती सर्व आपल्यासमोर असताना मराठी घराचे चित्र पूर्वीच्याच पुस्तकांवरून काढीत राहणे हे केवळ आळसाचे लक्षण होईल.

‘जिणं आमुचं’मधील एक प्रसंग मला ‘अळणी भाजी’च्या शेजारी ठेवावासा वाटतो. कोवळ्या वयात लग्न होऊन आलेली सून. तिला पहाटे उठवून जात्यावर बसवले जाते. मग तिने भाकऱ्या थापायच्या. त्या वयाच्या हाताला भाकरी कशी साधणार? ती वाकडी होते, करपते. आणि सासू शेजारणी बोलावून त्या भाकरीचे प्रदर्शन मांडते. सगळ्यांचे झाल्यावर तिच्या वाट्याला जे उरेल ते उरेल. घटना एकच आहे: रांधणाऱ्या हाताकडून झालेली चूक. एका घरात त्या चुकीवर मौनाचे पांघरूण पडते, दुसऱ्या घरात तिचा तमाशा होतो. यावरून एका समाजाचे मन मृदू आणि दुसऱ्याचे कठोर असा निष्कर्ष जो काढील त्याला वाचता येत नाही असे मी म्हणेन. पहिली गोष्ट सांगणारा मुलगा आहे, दुसरी सांगणारी त्या जात्यावर बसलेल्या पोरींपैकीच एक आहे. वरच्या जातीच्या एकत्र कुटुंबातील सुनेने आपली भाकरी कशी पारखली गेली हे त्याच निर्भयपणे लिहिले असते तर दोन्ही चित्रे किती जवळ आली असती! शिवाय बेबी कांबळे दुसरेही काही सांगतात जे पालगडच्या घराला सांगावे लागले नाही. गावकीची कामे, येसकराची पाळी, घरोघर फिरून गोळा केलेल्या शिळ्या तुकड्यांची टोपली. सासूच्या हातातील क्रौर्य कोणत्या भुकेतून आले, तेही त्या तितक्याच स्वच्छपणे दाखवतात. आपल्या माणसांची बाजू घेताना त्यांचा दोष न झाकणे हे धैर्य आहे, आणि वाङ्मयदृष्ट्या तो मोठा गुण आहे.

‘आयदान’ पुन्हा कोकणातच, रत्नागिरीच्या परिसरात, आपल्याला नेते. श्यामचे कोकण आणि हे कोकण यांत अंतर फारसे नाही. पण येथील बायका डोक्यावर ओझे घेऊन, डोंगर चढून-उतरून बाजाराला जातात; लाकूड, गवत, जे काही विकता येईल ते विकतात, आणि त्या पैशाचे घरात काही आणतात. वडील गेल्यावर लेखिकेची आई बांबूची आयदाने, म्हणजे टोपल्या-सुपे, विणून संसार ओढते. या पुस्तकातील आईवर मी थांबलो तो एका कारणासाठी. ती फारशी बोलत नाही, उपदेश तर करतच नाही. श्यामच्या आईच्या तोंडी प्रत्येक रात्री काहीतरी शिकवण आहे. येथे आईचे हात विणत असतात आणि लेखिका त्या हातांकडे पाहते. ज्या घरात दिवसाचे धान्य त्या दिवसाच्या विणण्यावर अवलंबून आहे तेथे शिकवणुकीला वेळ कोठून असणार? उर्मिला पवार स्वतः पुढे मुंबईस सरकारी नोकरीत होत्या. फाइलींच्या आणि घरच्या कामातून उरलेल्या वेळात लिहिणे काय असते हे आपल्या वाचकांपैकी, विशेषतः भगिनींपैकी, अनेकींना निराळे सांगावे लागणार नाही.

शाहू पाटोळे यांनी २०१५ साली मराठवाड्यातील दलित खाद्यसंस्कृतीवर पुस्तक लिहिले आणि त्याला ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ असे नाव दिले. त्या एका ‘अ’ने एक मोठे परीक्षण केले आहे. वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या ही बेगमी आहे, जशी कोकणातल्या माळ्यावरची आमसुले आणि फणसपोळी ही बेगमी आहे. एकीचे कौतुक पाठ्यपुस्तकांत झाले. दुसरीचे नाव घेण्यास सभ्य मराठीला एकविसावे शतक उजाडावे लागले.

थोडे विषयांतर करून पाकशास्त्राच्या पुस्तकांविषयी लिहितो. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५चे; पुढे अशा पुस्तकांची परंपराच झाली, आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने ती घरोघर नेली. मुलगी लग्न होऊन दूर प्रांती निघाली की तिच्या सामानात ‘रुचिरा’ असायचीच. वाटी आणि चमचा या मापांनी तिने सासूपासून तुटलेल्या हजारो मुलींना स्वयंपाक शिकवला, हे तिचे ऋण आहे. परंतु पाककृतीचे पुस्तक स्वभावतःच आधी साहित्याची यादी देते आणि मग कृती सांगते. काटकसरीच्या घरात गाडे उलटे चालते. तेथे डबे उघडून पाहायचे, आणि जे आहे त्यातून पदार्थाला नाव द्यायचे. फोडणीची पोळी, फोडणीचा भात, ताकातली उकड, डाळीच्या चुऱ्याचे पिठले, हे पदार्थ कोणी योजून निर्माण केलेले नाहीत. ते उरलेल्यातून आणि नसलेल्यातून झाले आहेत. म्हणूनच या घरांचे खरे पाकशास्त्र पाककृतीच्या पुस्तकांपेक्षा आठवणींच्या पुस्तकांत अधिक सापडते. आता याच पदार्थांना बाजारात चांगला भाव आला आहे. कोकणच्या रस्त्याने जा, दर मैलावर ‘घरगुती जेवण मिळेल’ अशी पाटी लागते. आपल्या मंडळांच्या गणेशोत्सवातही पिठले-भाकरीच्या गाड्यापुढे सर्वांत मोठी रांग असते, आणि त्या गाड्यामागे भाकऱ्या थापीत बसलेल्या भगिनी रात्री अकराला काय जेवतात याची चौकशी करण्याचे कार्यकारिणीला सुचल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

पुन्हा ग्रंथांकडे. वरील सर्व पुस्तकांत शेवटच्या पानावर बसणारी बाई आहे. साने गुरुजींनी तिची पूजा केली. लक्ष्मीबाईंनी तिला बोलते केले, हसते केले. उर्मिला पवारांनी तिच्या हातांचे काम पाहिले. या सर्वांत श्रेष्ठ कोण, असा सवाल मला कोणी केला तर मी ‘स्मृतिचित्रे’चे नाव घेईन, कारण तेथे रांधणारी आणि लिहिणारी एकच आहे आणि तिला स्वतःची कीव येत नाही. पण ‘जिणं आमुचं’ तिच्याच पंक्तीला बसते, आणि ते पुस्तक कसे लिहिले गेले ती हकीकत त्याच्या मजकुराइतकीच विचार करण्याजोगी आहे. बेबीताईंचे फलटणला किराणा मालाचे लहानसे दुकान होते. पुड्या बांधण्यासाठी आलेल्या रद्दीतील छापील कागद त्या गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाचीत. लिहीत त्या घरच्यांच्या, पतीच्याही, नजरेआड, आणि लिहिलेले दडवून ठेवीत. असे वर्षानुवर्षे चालले. मग १९८२ साली ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः छापून येऊ लागले.